चुलतभावाचा तोटा

चुलतभावाच्या फायद्यावर जळणारे पुष्कळ पाहिले. मी त्याच्या तोट्यावर जळलो.

पोलादपूरला जुन्या रस्त्यावर आमची दोघांची हॉटेलं. आधी माझं होतं. मग त्यानं अगदी समोर काढलं आणि माझाच आचारी फोडून नेला. ते मी विसरलेलो नाही.

कंपनी काढली तीही त्याच्यामुळेच. गावच्या मुंबई मंडळानं पालखीच्या पत्रिकेत त्याच्या नावाखाली ‘उद्योजक’ छापलं आणि माझ्या नावाखाली ‘हॉटेलवाले’. त्याच आठवड्यात मी महाडला सीए मॅडमकडे गेलो आणि हॉटेल प्रायव्हेट लिमिटेड करायला सांगितलं. मी मॅनेजिंग डायरेक्टर, बायको दुसरी डायरेक्टर.

“शेठ, एवढ्याशा धंद्याला कंपनी कशाला?” मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, ह्यांनाही त्यानंच पढवून ठेवलंय.

पुढच्या पत्रिकेत माझं नाव त्याच्या वर आलं. ती पत्रिका मी गल्ल्यामागे चिकटवली, समोरून दिसेल अशी.

मग नवा हायवे झाला आणि गाड्या न थांबता सुसाट जाऊ लागल्या. दोघांचंही गिऱ्हाईक तुटलं. त्याला तोटा, मलाही तोटा. वीर स्टेशनजवळ त्याच्या भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत, माझी महाडच्या एमआयडीसीत शेड. भाडंही साधारण सारखंच. म्हटलं, चला, निदान बुडताना तरी बरोबरीत आहोत.

रिटर्न भरायच्या दिवसांत तो मॅडमच्या ऑफिसातून हसत बाहेर आला. “दादा, हॉटेलचा तोटा भाड्यातून वजा झाला. टॅक्स शून्य!”

मी तसाच आत गेलो. “माझाही करा वजा.”

“नाही होणार, शेठ. त्यांचं हॉटेल त्यांच्या स्वतःच्या नावावर, म्हणून तोटाही त्यांचा. तुमचा तोटा कंपनीचा आणि भाडं तुमचं.”

“कंपनी म्हणजे मीच ना? बुडाले ते पैसे कोणाच्या खिशातले?” मी टेबलावर हात आपटला.

मॅडमनी कॉम्प्युटर जरा लांब सरकवला. “कायद्याला ती वेगळी व्यक्ती आहे. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ची पाटी तुम्हीच लावलीत.”

भाड्यावर पुरा टॅक्स भरून घरी आलो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी पण डायरेक्टर हाय ना? पगार तर कधी दिला नाय. आता तोटा तरी दाखवा माझ्या वाटणीचा!”

दुसऱ्या दिवशी कंपनी बंद करायलाच निघालो. मॅडमनी अडवलं. “बंद केलीत तर साठलेला तोटा फुकट जाईल. आपण कंपनीचं रिटर्न वेळेत भरलंय, तो आठ वर्षं पुढे नेता येतो. कंपनीला नफा झाला की आधी हा वजा होईल, उरलं तरच टॅक्स.”

मी परत खाली बसलो. भावाचा तोटा भाड्यातच संपला होता. माझा शिल्लक होता.

माझ्या शेडशेजारच्या कारखान्याचं कॅन्टीन तेव्हा थाळीचा सगळ्यात कमी दर देईल त्याला चालवायला द्यायचं होतं. भाऊही त्याच्या मागे होता. त्याचा हिशोब मला तोंडपाठ आहे. नफ्यावर टॅक्स धरून तो कुठपर्यंत उतरेल, ते मी ताडलं. जुन्या तोट्यामुळे मला टॅक्स धरायचाच नव्हता, म्हणून कंपनीच्या नावानं थाळीमागे दोन रुपये आणखी खाली उतरलो. कॅन्टीन मला मिळालं.

संध्याकाळी तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. आता याचं तोंड बघू, म्हणून मी स्वतः चहा घेऊन गेलो.

“बरं झालं दादा,” तो म्हणाला. “रोज पहाटे महाडला कोण जाणार? मला तर कंटाळाच आला होता.” चहा प्यायला, पत्रिकेकडे बघून हसला आणि पैसे न देता गेला.

खरंच कंटाळा आला होता की नाटक, ते अजून कळलेलं नाही. पण कॅन्टीनला आचारी लागतोच. त्याच्याकडच्या आचाऱ्याला मी कालच निरोप धाडलाय.