वहिनी, हॉकी आणि माझी अनु

वहिनी गेल्याची बातमी मला कोक्विटलामहून आली. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. राहायच्या टोरंटोजवळच्या केंब्रिजला, शहरातल्या नॉर्थ यॉर्कच्या आमच्या कॉन्डोपासून गाडीने तासाभरावर. पण भाऊजींनी पहिला फोन केला तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, माझ्या मुलीला. "आई, काकू इज गॉन," अनु रडत म्हणाली, आणि खरं सांगते, दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, हिला माझ्याआधी कसं कळलं... दोन हजार अठराचा एप्रिल चालू होता आणि बाहेर अजून बर्फ पडत होता.

वहिनी मूळच्या नागपूरच्या. सदुसष्ट साली लग्न होऊन इथे आल्या. टोरंटोच्या टीमने हॉकीचा कप शेवटचा जिंकला तो त्याच वर्षी, त्या यायच्या काही महिने आधी. त्यानंतर आजतागायत नाही. "मी आले नि कप गेला. माझा पायगुण," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. हेच सासूबाई बोलल्या असत्या तर वहिनींनी घर डोक्यावर घेतलं असतं, पण हा पायगुण त्या मिरवायच्या. पहिल्या थंडीत एकटीने टीव्ही बघता बघता त्या बर्फावरची हॉकी शिकल्या, मग मागचा सगळा इतिहास वाचून काढला. लीगमध्ये सहाच टीम होत्या तो काळ, फ्लूच्या साथीमुळे फायनल अर्धवट सोडली ते वर्ष, मालक आणि खेळाडूंच्या भांडणात आख्खा सीझन बुडाला ते वर्ष, सगळं तोंडपाठ. पुण्याची माणसं पानशेतच्या पुरावरून वर्षं सांगतात ना, तशा या सीझनवरून सांगायच्या.

मी मुलांची डॉक्टर. इथल्या परीक्षा पुन्हा देत, हॉस्पिटलच्या ड्यूट्या करत होते तेव्हा अनुच्या सुट्ट्या केंब्रिजच्या बेसमेंटमध्ये जायच्या, काकूला चिकटून हॉकी बघत. सोय माझीच होत होती, तक्रार करणार कुणाकडे? एकदा जेवताना मी म्हणाले, अनुला सातवीत कांजिण्या आल्या होत्या. "छे गं, पाचवीत," वहिनी म्हणाल्या. "त्र्याण्णव साली मॉन्ट्रियलने कप नेला ना, तेव्हा. हिला अंगभर कॅलामाईन फासून आम्ही फायनल बघितली." आणि अनु लगेच, "काकूज राइट, आई." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी भात वाढून घेतला.

पुढे अनु नोकरीसाठी कोक्विटलामला गेली. मला रविवारी फोन. "हाय आई, ऑल गुड, यू?" की संपलं. काकूला मात्र प्रत्येक मॅचनंतर. मला हेवा वाटायचा, चांगला सणसणून वाटायचा. एकदा मीही मॅच लावून बसले आणि तिला मुद्दाम फोन करून विचारलं, हाफ टाइमला स्कोअर काय होता गं? "आई, देअर इज नो हाफ टाइम. थ्री पीरियड्स असतात." ती खूप हसली. काकूलाही सांगितलं असणार, कारण दिवाळीला वहिनींनी मला फराळाच्या टेबलावर तीन पीरियड समजावून सांगितले. अगदी प्रेमाने. त्या प्रेमाचाच जास्त राग आला.

प्लेऑफ्स, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्या, आल्या की वहिनी देव पाण्यात घालून बसायच्या. बोलायला म्हणून नव्हे, अक्षरशः. स्टीलच्या पातेल्यात रांगता बाळकृष्ण, गणपती, अन्नपूर्णा. टीम बाद झाली की देव बाहेर. त्या गेल्या तेव्हा पहिल्या फेरीत बॉस्टनशी सामने चालू होते आणि देव पाण्यातच होते. आम्हाला सुतक, हात कोण लावणार? त्या फेरीची शेवटची मॅच आम्ही सगळ्यांनी त्यांच्या बेसमेंटमध्ये पाहिली. पुढे असलेली टोरंटो शेवटच्या पीरियडमध्ये हरली. अनु माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. किती वर्षांनी ती अशी बिलगली होती... पण ते रडणं माझ्या वाट्याचं नव्हतं, हे मला कळत होतं.

सुतक फिटल्यावर भाऊजी म्हणाले, "आता घरात थोरली तू. देव बाहेर काढ." मी हात घालणार तेवढ्यात अनु म्हणाली, "नको आई, लीव्ह देम. टीम कप जिंकेपर्यंत राहू देत." भाऊजींना रोज पाणी बदलणं जमणार नव्हतं. मग मी पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि हायवेभर कपडे भिजवत देव नॉर्थ यॉर्कला आणले.

पातेलं आता माझ्या किचनच्या काउंटरवर आहे. अनु परत गेली, पण तिचा फोन रोज येतो. "आई, देव पाण्यात आहेत ना?" असं विचारते आणि मग थांबतच नाही. पुढच्या सीझनला कोणते खेळाडू येतील, त्यावर काकू काय म्हणाली असती, लहानपणी बेसमेंटमध्ये काय काय व्हायचं... निम्मं मला कळत नाही, मी नुसती हूं हूं करते. फोन ठेवला की पातेल्यातलं पाणी बदलते आणि हात जोडून उभी राहते. वहिनींनी जन्मभर या देवांकडे कप मागितला. मी म्हणते, बाबांनो, इतक्यात देऊ नका.