शिसवाच्या चार फळ्या

माझी सगळी उमर लोखंडात गेली. कोल्हापुरात एका कारखान्यात लेथवर मी टर्नर होतो, आणि केसाएवढा फरकसुद्धा माझ्या बोटांना कळायचा. ही बढाई नव्हे. बढाईच मारायची असती तर आणखी बरंच सांगता आलं असतं. लाकूडकामाला मात्र मी काम मानत नव्हतो, आणि सुतारासमोरसुद्धा तसं म्हणायला कचरत नव्हतो.

आम्ही हातकणंगल्याजवळच्या गावात एकत्र राहायचो. थोरला भाऊ शेती आणि गुऱ्हाळ बघायचा, मी सकाळच्या गाडीनं कोल्हापूर गाठायचो. सत्तर सालानंतरची गोष्ट. आई गोठ्यात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. हाड जुळलं, काठी टेकत ती हिंडायला लागली, पण जमिनीवर बसणं कायमचं गेलं. आमची जेवणं पाटावर. म्हणून आईला खुर्ची, पुढं स्टूल आणि सगळ्यांच्या आधी ताट. गोळी वेळेवर पोटात जावी म्हणून ताट आधी, हा हुकूम माझाच होता. ताट निम्मं तसंच परत जायचं. तिखट झालंय, आळणी झालंय, अशी तक्रार तिनं केली नाही. एकदाच म्हणाली, "एकटीला घास उतरत न्हाय." तिचे दंड बारीक व्हायला लागले तसा मी घाबरलो.

मी ठरवलं, टेबल करायचं. आई मध्ये, आम्ही दोघे भाऊ दोन्ही बाजूंना, पोरं पुढं. बायको म्हणाली, "विकतचं आणा की." दुकानातली टेबलं मी बघून आलो होतो. हात टेकला की डुलायची. आई उठताना सगळा भार टेबलावर टाकणार, आणि डुलणारी वस्तू मी घरात आणणार नव्हतो. त्याच सुमारास पाण्याची पाइपलाइन आमच्या बांधावरून निघाली आणि बांधावरचं शिसवाचं झाड नेमकं वाटेत आलं. मला आयतं लाकूड मिळालं. भावानं मात्र अमावास्येपर्यंत कुऱ्हाडीला हात लावू दिला नाही. "अवसेला तोडलं की कीड लागत न्हाय," एवढंच त्याचं शास्त्र.

ट्रॉलीतून ओंडका वखारीत नेला. मशिनवाल्यानं आधी दरडावून विचारलं, "ह्या झाडाला म्हस बांधत हुतासा काय? आत खिळा गावला तर माझं पातं जाईल." म्हैस कधीच बांधली नव्हती. पातं आत शिरलं आणि जांभळट काळा, ओलसर गाभा उघडा पडला. गोड वास सुटला. त्या दिवशी मी लाकडाला पहिल्यांदा मनातल्या मनात मान दिला. चांगल्या रुंद बारा फळ्या निघाल्या.

गावचे म्हातारे सुतारमामा फळ्या बघायला आले. "टोकास्नी शेणमाती लिंपा," ते म्हणाले, "दोन फळ्यांच्या मधी पट्ट्या घाला, वारं खेळू दे. सावलीत ठेवा. दोन उन्हाळं जाऊ देत."

"दोन उन्हाळे? आमच्या ओतशाळेत वाळूचे साचे भट्टीत एका पाळीत वाळतात."

"साचा मेलेला असतोय. लाकूड मराय येळ लागतोय."

दोन उन्हाळे थांबायला आईकडं वेळ होता का? मला तीच धास्ती होती, पण ती मी म्हाताऱ्याला सांगितली नाही. नुसता हसलो.

गुऱ्हाळ तेव्हा भरात होतं. चुलवाण पेटलेलं, वर काहिलीत उसाचा रस रटरटतोय, आणि सगळी ऊब पत्र्याखाली कोंडलेली. फुकटची भट्टी घरात असताना दोन उन्हाळे कोण थांबतो? मी फळ्यांच्या टोकांची शेणमाती खरवडून काढली, वाफ आतून निघायला वाट मिळावी म्हणून, आणि फळ्या चुलवाणाच्या वरच्या वाशांवर चढवल्या. आठ मावल्या. उरलेल्या चार गोठ्याच्या सावलीत सुतारमामांच्या पद्धतीनं राहिल्या, ते माझ्या शहाणपणामुळं नव्हे, वर जागा नव्हती म्हणून.

पाचव्या दिवशी काहिलीवरचा गुळव्या म्हणाला, "वर फटाकं वाजाय लागल्यात." शिडी लावून वर गेलो. टोकं वीतभर उकलली होती आणि फळ्यांच्या पन्हळी झाल्या होत्या. बाहेरचं लाकूड वाळून आवळलं, आतलं ओलंच राहिलं, आणि त्या ओढाताणीत फळी फाटली. ओतकाम घाईनं साच्याबाहेर काढलं की तडकतं, हे नव्या पोरांना दरडावून शिकवणारा मीच. आठही फळ्या गेल्या. सुतारमामा आले, वर बघितलं आणि म्हणाले, "काय सायेब, गूळ झाला काय लाकडाचा?" वहिनींना तर महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" त्या येता-जाता म्हणायच्या. बायको म्हणाली, आता तरी विकतचं आणा. मी ऐकलं नाही. हट्ट होता, दुसरं काही नाही.

त्यानंतर मी सुतारमामांचं मुकाट्यानं ऐकलं, पण मापाशिवाय मला चैन पडेना. दर अमावास्येला त्या चारांतली एकच फळी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, जोखायच्या काट्यावर चढवायची आणि वजन कोळशानं भिंतीवर लिहायचं. उतरायचं थांबलं की फळी वाळली, असा माझा हिशेब. सुतारमामांना हे पटलं, फक्त तसं ते म्हणाले नाहीत. उन्हाळ्यात वजन झरझर उतरलं. श्रावणात ते पुन्हा चढलं तेव्हा मी चिडलो, तर म्हणाले, "पावसाळ्यात तुझी इजार तरी वाळतीया काय?" थंडीत ते परत उतरायला लागलं. तोवर आईचंही उतरत होतं. तिच्यासाठी काटा नव्हता, पण हाताला धरून उठवताना मला ते कळायचं, आणि त्या दिवशी कारखान्यात माझं लक्ष लागायचं नाही.

दुसऱ्या वैशाखापर्यंत ओळीनं तीन महिने आकडा हलला नाही. सुतारमामांनी फळीवर बोटाची गाठ वाजवली आणि म्हणाले, "घे रंधा." दर सोमवारी कारखान्याला सुट्टी असायची. त्या सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली राबलो. रंधा उलटा मारला की शिसव ढलपी उचकटतं, सुलटा मारला की आरशासारखं होतं, हे चाळिशीच्या तोंडावर शिकलो आणि चांगलं शिकलो. चार फळ्यांत दहा माणसांचं टेबल होईना, सहा जणांचं झालं. उंची मात्र मी आईच्या खुर्चीवरून, तिच्या गुडघ्यांवरून आणि काठी धरायच्या हातावरून घेतली होती. सुतारमामांनी टेबल दोन्ही हातांनी हलवून बघितलं. ते हललं नाही. मला एवढं प्रशस्तिपत्रक पुरे होतं.

पुढच्या सोमवारी दुपारी मटणाचा बेत केला; सोमवार आमच्यात कुणी पाळत नव्हतं. आईला मधल्या खुर्चीवर बसवलं. भाऊ, मी, भावाचे दोन मुलगे आणि माझा एक, सगळे बसलो. आईनं टेबलावरून हात फिरवला. "झ्याक केलंस रं," म्हणाली. बायकोनं ताटं मांडली. आम्ही जेवायला लागलो. आईनं ताटाला हात लावला नाही.

"दुखतंय काय?" मी विचारलं.

"न्हाय. तुमी जेवून घ्या."

"अगं, एवढं टेबल तू आमच्यासंगं जेवावंस म्हणून केलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, मला खरंच ठाऊक नाही याचं तिला नवल वाटलं असावं. "माझं जेवण तुमच्यासंगं कवा हुतं रं? तुमी उठल्यावर आमी बायका बसायचो. घासाघासाला बोलत. ती माझी पंगत."

दाराशी वहिनी आणि बायको भाकऱ्या घेऊन उभ्या होत्या. दोघींनी खाली बघितलं. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मी दोन उन्हाळे फळी जोखली, आईच्या गुडघ्यांचं माप घेतलं, आणि तिला कुणासंगं जेवायचंय हे एकदाही विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊ आधी उठला, ताट घेऊन खाली बसला. आम्ही सगळे खाली गेलो. वहिनी आणि बायको नको नको म्हणत होत्या, आईनं काठी आपटून दोघींना शेजारी बसवलं. थोड्या वेळानं वर टेबलापाशी त्यांचं हसणं सुरू झालं. कुणाच्या तरी सासरचं काहीतरी होतं, आम्ही बघितलं की गप्प व्हायच्या. आईचं ताट रिकामं झालं आणि तिनं आणखी भाकरी मागितली. बायको उठायला लागली. मी तिला बस म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथं उभा राहून मला बाहेर ओरडून विचारावं लागलं, आपल्या घरात भाकरीची बुट्टी कुठं ठेवतात.