आत कोण आहे?

अक्कांना जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. आमच्या टीममध्ये त्या सगळ्यांत जुन्या. घराणं कितीतरी पिढ्या बंगळुरातच, त्यामुळे मराठी अर्धी कन्नडात बुडालेली. मी नागपूरहून नवा आलो तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. "स्वल्प थांब रे," असं म्हणून माझा हात कीबोर्डवरून बाजूला करायच्या. एका रविवारी हेब्बाळच्या घरी त्या झोपेतच गेल्या. ऑफिसने लगेच त्यांचं अकाउंट बंद केलं.

आमचे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे मोठ्या मशीनमधली एक बंद खोली समजा. अशा खोल्या ढिगाने असतात. प्रत्येकीत जाऊन आज्ञा देत बसणं शक्य नाही, म्हणून ती एकदाच लिहून एका टूलच्या हवाली करायची. ते सगळीकडे शिरतं, आज्ञा चालवतं आणि उत्तरं घेऊन येतं. "रीस्टार्ट करण्याआधी आत कोण आहे ते विचारत जा," अक्का सांगायच्या. "काम करणाऱ्याला अर्ध्यातून उठवू नये."

त्या दुपारी एका जुन्या टेस्टिंगच्या मशीनवरचे कंटेनर रीस्टार्ट करायचे होते. सवयीने मी आधी विचारलं. उत्तरं येत गेली: आत फक्त ठरलेला प्रोग्राम, दुसरं कुणी नाही. एका कंटेनरमध्ये मात्र आणखी काहीतरी चालू होतं.

आज्ञा अख्खी स्क्रीनवर दिसत होती. थोडा वेळ झोपायचं, उठून 'झालं का' नावाची फाईल आली का बघायचं, नसेल तर पुन्हा झोपायचं. फाईल दिसली की ती काढून टाकायची आणि थांबायचं. फायलींना अशी मराठी नावं देणारं आमच्याकडे एकच माणूस होतं.

मी पुन्हा विचारलं. मशीन प्रत्येक नव्या झोपेला नवा क्रमांक देतं, आणि तो बदलला होता. म्हणजे मधल्या वेळात आतलं कुणीतरी उठून, बघून, पुन्हा झोपलं होतं.

मी टीम लीडला हाक मारली. तो वाकून बघत राहिला.

"त्यांचं अकाउंट बंद केलं होतं ना?"

"दार बंद केलं. त्या आधीच आत होत्या."

"कनेक्शन तुटलं असेल, आज्ञा मागे राहिली असेल. होतं असं," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "मारून टाक ती." आणि मी कीबोर्डला हात लावायच्या आत स्वतःच म्हणाला, "थांब."

मला एकदम आठवलं. अक्का गेल्या त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मी याच कंटेनरमध्ये डेटा भरत होतो. "तुझं झालं की एक रिकामी फाईल ठेव, मला समजेल," असं त्या म्हणाल्या होत्या. नंतर ते कामच रद्द झालं, फाईल ठेवायची राहून गेली आणि कुणी त्याची चौकशी केली नाही.

टूलला मी तेवढ्या एकाच कंटेनरमध्ये 'झालं का' नावाची रिकामी फाईल ठेवायला सांगितली. उत्तर आलं: बदल झाला. आत कोण आहे ते विचारलं. झोप चालूच होती. लीड स्क्रीनवर आणखी वाकला. पुन्हा विचारलं, तेव्हा आत फक्त प्रोग्राम होता.

फाईल शोधली. ती नव्हती. आज्ञेतच तसं लिहिलं होतं, मला ठाऊक होतं. तरी मी ती पुन्हा एकदा शोधली.

लीड जागेवर गेला. रीस्टार्ट मी त्या दिवशी केलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मजला माणसांनी भरला, मग केलं.