मारुतीच्या माळेतल्या अळ्या

सूड ज्याच्यावर उगवायचा तो माणूस जागेवर आहे का, हे आधी बघावं, एवढीही अक्कल मला तेव्हा नव्हती. परवा देवळाबाहेर रुईच्या चिकाचा कडवट वास आला आणि कवठे महांकाळकडचं सासरचं परसू आठवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल, नवरा पलटणीत, आणि मी साताऱ्याची शहाणी, फुलपाखरं यावीत म्हणून न्हाणीच्या पाण्यावर झेंडू आणि रुई वाढवत बसलेली. झेंडूवर फुलपाखरं मध प्यायची, रुईच्या पानांवर त्यांच्या पट्टेरी अळ्या पोसायच्या. पण मारुतीच्या माळेसाठी थोरल्या जाऊबाई दर शुक्रवारी माझीच रुई ओरबाडायच्या, अळ्या झटकून पायाखाली चिरडायच्या आणि वर हसायच्या, "किडं पाळतीया सातारकरीण!" मग एका शनिवारी पहाटे उरलेल्या सगळ्या टपोऱ्या अळ्या मी त्यांच्या पानांच्या बुट्टीत सोडल्या. देवळात जाऊबाई कशा किंचाळतील, या आनंदात चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला शुद्ध नव्हती. नेमक्या त्याच सकाळी जाऊबाई पाळीमुळे बाहेर बसल्या आणि बुट्टी घेऊन सासूबाई गेल्या. माळ चढवताना एक अळी मारुतीच्या छातीवर आणि दुसरी सासूबाईंच्या मनगटावर चालली म्हणे. आज हे लिहिताना मी खुदखुदतेय, तेव्हा मात्र उतू गेलेल्या दुधाची चूल पुसत मी खाली मान घालून बसले होते. सासूबाईंनी परत येऊन बुट्टी माझ्यापुढे ठेवली. आत सगळ्या अळ्या जिवंत होत्या. जाऊबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हितनं म्होरं माळ तूच कर. कुठल्या पानाला हात लावायचा न्हाई, त्ये तुलाच ठावं हाय."