चेपलेली चांदी

ग्लेंडा लार्टर हट्टी आहे, हे इंग्लंडातल्या नॉरफकमधल्या त्या गावात कुणाला सांगायला लागत नसे. बुटांच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. चामड्याचे सपाट तुकडे शिवून त्यांना पावलाचा आकार द्यायचा, हेच काम. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका विणकाम घेऊन बसल्या. हिनं मेटल डिटेक्टर घेतला आणि हेडफोन चढवून रॉडनी गुडरमच्या शेतात फिरायला लागली.

मार्चमध्ये ओढ्याकडच्या कोपऱ्यात, बीट पेरायच्या रानात, यंत्र गोड वाजलं. वीतभर खाली चांदी होती. नांगराखाली येऊन पार चेपलेली, मधोमध चुण्या पडलेल्या, चुण्यांत बारीक भोकं आणि काठावर झिजलेले ठसे. जुन्या वस्तू तपासणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकारी बाईंनी फोटोतले ठसे पाहून कळवलं, की वस्तू दोनशे वर्षांच्या आसपासची आहे, सरकारजमा करण्याइतकी जुनी नाही. पण ती आहे तरी काय, हे इतक्या चेपलेल्या अवस्थेत फोटोवरून सांगता येणार नाही. मे महिन्यात घेऊन या.

ग्लेंडाचा आणि रॉडनीचा करार साधा होता: सोनं-चांदी निघाली तर रॉडनीची, बाकी सटरफटर ग्लेंडाचं. आणि रॉडनीला नुकताच पहिला नातू झाला होता, विल्फ. बाप्तिस्म्याला बाळाला चांदीचा चमचा द्यायची तिकडं रीत आहे.

"वितळवून चमचा करतो," तो म्हणाला. "विल्फच्या बाप्तिस्म्याला आपल्याच रानातल्या चांदीचा चमचा!"

"अरे, काय आहे ते तरी कळू दे! मे महिन्यापर्यंत थांब की."

"बाप्तिस्मा रविवारी आहे बाई, मे महिन्यात नाही. शुक्रवारी सोनाराकडे निघतोय. तोवर नाव सांग, मी हात लावणार नाही. नाहीतर चमचा."

ग्लेंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. दोनशे वर्षं मातीत राहिलेली वस्तू, तिचं नावही कुणी विचारू नये आणि सरळ मुशीत टाकावी? हे ती होऊ देणार नव्हती.

बुधवारी ती पबच्या मागच्या खोलीत डिटेक्टरवाल्यांच्या क्लबच्या मंडळींसमोर चांदी ठेवलेली डबी उघडून बसली. एक म्हणाला चहाची गाळणी, दुसरा म्हणाला घोड्याच्या साजाचं काहीतरी. अध्यक्ष नेव्हिलनं भिंग लावून निकाल दिला, "मिरपुडीच्या डबीचं झाकण."

"झाकणाला एवढा पसरट काठ कशाला? ते बसणार कुठं?"

"मग बाहुलीची टोपी. घाल बाहुलीला आणि सोड विषय. तुझा तो 'कोण जाणे' डबा आहे ना, त्यात टाक."

"डब्यात टाकायला ती उरली तर पाहिजे!" ग्लेंडा म्हणाली आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून उठली.

वाकवून सरळ करावं, तर चांदी तडकणार. मग गुरुवारी तिनं कारखान्यातलीच युक्ती काढली. प्रत्येक चुणीवर दोरा ठेवून माप घेतलं, कागद कापले, जुळवले, चुकले, पुन्हा कापले. दुपारी स्वयंपाकघरातल्या चकचकीत फॉइलमधून मूळ वस्तूची प्रतिकृती उभी राहिली: पसरट गोल काठ, मध्ये बोटाच्या पेराएवढा उंचवटा, त्याच्या टोकाला भोकं. खरंच टोपीसारखी दिसत होती. नेव्हिलला हे कळता कामा नये, असं तिनं ठरवलं. नाव मात्र तिला अजूनही सापडलं नव्हतं.

तरी शुक्रवारी सकाळी ती गुडरमांच्या स्वयंपाकघरात हजर झाली. रॉडनी गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता. त्याची सून टॅमसिन पाठ करून खिडकीशी बसली होती आणि विल्फ तिच्या मांडीवर आकांत करत होता.

"सापडलं नाव?"

"आकार सापडलाय. एक दिवस दे." ग्लेंडानं फॉइलची टोपी टेबलावर ठेवली.

"ग्लेंडा, पुरे आता. आण इकडे."

"नाही देत!" तिनं डबी छातीशी धरली. चांदी त्याची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिची बोटं सुटेनात.

भांडण ऐकून टॅमसिननं मान वळवली आणि टेबलावरची फॉइलची टोपी पाहिली. विल्फला खांद्यावर घेऊन ती उठली, ओट्यावरच्या फडक्याखालून काहीतरी काढलं आणि टोपीशेजारी ठेवलं. सिलिकॉनचं, पारदर्शक. तोच पसरट काठ, तोच उंचवटा, तीच भोकं.

"हे काय आहे?" रॉडनीनं विचारलं.

"अंगावर पाजताना छातीला लावायचं कवच," टॅमसिन म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मला चिरा पडल्यात, हा नीट धरत नाही. नर्सनं दिलं. तुम्हाला दिसू नये म्हणून फडक्याखाली ठेवत होते. वाटायचं, जगात एकटी मीच अशी, पोटच्या पोराला धड पाजता न येणारी."

ग्लेंडानं डबी उघडून तिच्या हातात दिली. टॅमसिननं त्या चेपलेल्या चांदीवरून अंगठा फिरवला आणि तिला रडू फुटलं.

"तिलाही दुखत होतं," ती म्हणाली.

रॉडनीनं बोटातली किल्ली मुठीत धरली. मग म्हणाला, "आमच्याच घरातली असेल का गं ती बाई?"

"ते मला माहीत नाही, आणि उगाच सांगणारही नाही," ग्लेंडा म्हणाली. "पण नाव कळलंय. शब्द पाळ."

"चमचा दुकानातून आणेन." त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली.

टॅमसिन डोळे पुसत एकाएकी थांबली. "ग्लेंडा, पण हे एकच कसं? मला नर्सनं दोन दिलीत."

ग्लेंडानं कपाळावर हात मारला. एवढी मापं घेतली, पण हा साधा हिशोब तिच्या डोक्यात आला नव्हता. बाहेर टॅमसिनच्या नवऱ्यानं ट्रॅक्टर सुरू केला होता. ओढ्याकडचं रान आज पेरायचं होतं.

ग्लेंडा बूट चढवायला वाकली, तोवर रॉडनी मोजे घातलेल्या पायांनीच अंगणातल्या चिखलात धावला होता, दोन्ही हात वर करून ओरडत, "थांबव! अरे थांबव तो ट्रॅक्टर!"