अकोल्याचा कूलर आणि टक्कूचं सँडविच

आमच्या अकोल्याच्या घरी अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंत संध्याकाळी गॅस पेटत नसे. हा नियम बाबांचा. दिवसभर तापलेल्या स्वयंपाकघरात आईनं संध्याकाळी पुन्हा पोळ्या लाटत उभं राहावं हे त्यांना पटत नसे. पण म्हणून स्वतः पोळ्या लाटण्याइतके ते पुढारलेले नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला होता, तो म्हणजे टक्कूचं सँडविच.

टक्कू म्हणजे किसलेली कैरी, बारीक चिरलेला कांदा, गूळ, तिखट, मीठ आणि आईनं सकाळीच करून ठेवलेली हिंग-मोहरीची गार फोडणी. ब्रेडच्या दोन्ही कापांना लोणी, मध्ये टक्कूचा जाड थर, आणि त्यावर सकाळी भाजलेला ज्वारीचा बिबडा चुरडून. बिबडा म्हणजे आमच्याकडचा पापडाचा थोरला भाऊ. अकोल्याच्या हवेत तो सकाळचा संध्याकाळपर्यंत कडक राहायचा. दाताखाली आवाज झाला नाही तर बाबा ते सँडविच नापास करत. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे नापास करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होताच.

चेन्नईला नोकरी लागल्यावर ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चार-पाच मराठी मंडळी बसायचो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांनी सँडविचवरून इतकं भांडावं याचं मला नवल वाटायचं. मुंबईकर म्हणे, उकडलेला बटाटा, बीट, काकडी आणि हिरवी चटणी यांच्यापलीकडे जगात सँडविच नाही. पुणेकराला त्यात बटाट्याचं पॅटिस हवं असे. मी टक्कू म्हटलं की दोघं एक होऊन मला हसायचे. मी मनातल्या मनात दोघांनाही नापास करून टाकलं होतं.

खरी परीक्षा मात्र माझीच होती. पहिल्या उन्हाळ्यात मी बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले आणि ही बातमी कशी कोण जाणे आईपर्यंत पोचली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या मे महिन्यात, बाबांचा फोन आला. अकोल्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती, प्राचार्य बाबांच्या ओळखीचे होते, महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "मी आठ दिवस येऊन पाहतो," बाबा म्हणाले. "तुझी तब्येत तिथं टिकत नसेल तर सोबतच परत येऊ."

मला परत जायचं नव्हतं. अण्णा नगरमध्ये एका घराच्या गच्चीवर मला एक खोली मिळाली होती. एक खिडकी, एक पंखा आणि माझी स्वतःची किल्ली. ती किल्ली पर्समध्ये वाजली की मला अजूनही बरं वाटायचं. तेव्हा आठ दिवस काहीही झालं तरी तोंडातून "उकडतंय" हा शब्द काढायचा नाही, असं मी ठरवलं.

सेंट्रल स्टेशनवर बाबा उतरले ते डोक्याला दुपट्टा बांधून. शर्टाच्या खिशाला फुगवटा होता. ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा. आणि पार्सलच्या डब्यातून हमालानं जे खाली उतरवलं ते पाहून मी बघतच राहिले. माझ्या कमरेइतका उंच, पत्र्याचा, निळा रंग दिलेला कूलर.

"लहानच आणला," बाबा म्हणाले. "ताट्या नव्या आहेत, वाळ्याच्या. पंपही नवा आहे. सत्तेचाळीस डिग्रीत आपण याच्यावर काढतो, इथं तर बेचाळीसच आहे. काहून घाबरून राहिली तू?"

घरमालकीण खाली राहायच्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, सत्तरीच्या, सगळे त्यांना मामी म्हणत. त्यांची मराठी तीनेकशे वर्षं तमिळ मुलखात मुरलेली होती. आम्ही दोघी बोलायचो तेव्हा अर्धं काम हात करायचे. रिक्षातून कूलर उतरताना पाहून त्या बाहेर आल्या.

"हे काय की? फ्रिज?"

बाबांनी त्यांना कूलर समजावून सांगितला. पाणी ताट्यांवरून ओघळतं, पंखा हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. आठवीचा बाष्पीभवनाचा धडा त्यांनी जिन्याशी उभ्या उभ्या घेतला. मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या हवेत अस्कं पाणीच असतं हो. आणखी कशाला?" अस्कं म्हणजे सगळं. बाबा हसले. म्हातारं माणूस आहे, असं ते हसणं होतं.

खोलीला पूर्वेकडे एकुलती एक खिडकी. तिच्यासमोर कूलर बसला आणि खिडकी दिसेनाशी झाली. बाबांनी बादलीनं पाणी भरलं, बटण दाबलं, वाळ्याचा वास सुटला. त्या वासानं मला एकदम घरी गेल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले. पहिली दहा मिनिटं खरंच छान गेली.

अकराव्या मिनिटापासून खोलीचं न्हाणीघर झालं. घाम यायचा तो जायचाच नाही. चादर दमट, उशी दमट, माझा ऑफिसचा कुर्ता दोरीवर वाळत घातला होता तो होता त्याहून ओला झाला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बाबांनी दारही लावून घेतलं. आम्ही दोघं कूलरसमोर शेजारी बसलो, दोघांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब गळताहेत.

"कसं वाटतं?" बाबांनी विचारलं.

"मस्त," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"घरच्यासारखं," बाबा म्हणाले आणि दुपट्ट्यानं मान पुसली.

पुढचे चार दिवस आम्ही एकमेकांना असंच फसवत राहिलो. मी ऑफिसला निघताना घामोळ्याची पावडर बाथरूममध्ये लपवून ठेवायचे, आणि संध्याकाळी बघावं तर डबा आणखी थोडा हलका झालेला असायचा. उन्हाळ्याचे हे सगळ्यात कडक दिवस, तिथले लोक त्यांना कत्तिरी म्हणतात. त्या दिवसांत मामी दुपारी दार-खिडक्या बंद करायच्या, आलं-कढीलिंब घातलेलं पातळ ताक पीत राहायच्या आणि उन्हं कलल्यावर समुद्राकडून वारं सुटलं की सगळं उघडून टाकायच्या. गेल्या वर्षी चक्कर आल्यानंतर मीही तेच शिकले होते. आता ते वारं माझ्या खिडकीपर्यंत यायचं आणि कूलरच्या पत्र्यावर आपटून परत जायचं. मला त्या निळ्या डब्याचा राग यायचा, आणि राग आल्याबद्दल स्वतःचाही.

तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी टक्कूचं सँडविच केलं. कैरी मिळाली होती, बिबडे आईनं दिले होते. मी पहिला घास घेतला आणि थांबले. बाबांनीही घेतला, आणि चावणं थांबवून ते कान देऊन बसल्यासारखे बसले. आवाज आलाच नाही. बिबडा ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता.

"ब्रेड इथला वेगळा आहे," बाबा म्हणाले. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याच ब्रेडला हिरवी बुरशी आली.

रविवारी मी त्यांना सौकारपेटला, मारवाडी-गुजराती वस्तीच्या बाजारात नेलं. तिथं एका गाडीवर चकलीसारख्या चपट्या मुरुक्कूचं सँडविच मिळायचं. खाली मुरुक्कू, त्यावर चटणी, काकडी, टोमॅटोची चकती, वर पुन्हा मुरुक्कू. ब्रेडच नाही म्हटल्यावर बाबा आधी नाराज झाले. गाडीवाल्यानं बंद डब्यातून मुरुक्कू काढला, डबा लगेच घट्ट लावला, भरभर थर रचले आणि हातात देताना हिंदीत म्हणाला, "अभी खाओ. रखना नहीं."

बाबांनी चावा घेतला. रस्त्याच्या गोंगाटातही मला तो आवाज ऐकू आला. त्यांचा चेहरा खुलला, आणि मग हळूहळू विचारात पडला. त्यांनी त्या बंद डब्याकडे पाहिलं. मग वर, पांढुरक्या आकाशाकडे पाहिलं. निघताना त्यांनी पाव किलो मुरुक्कू बांधून घेतला.

सोमवारी सकाळी मी उठले तर बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर एका बशीत मुरुक्कू, कूलरच्या हवेच्या झोतात. घड्याळात पाहून ते उठले आणि जिना उतरून मामींकडून दुसरी बशी घेऊन आले; तिच्यातही मुरुक्कू होता, मामींच्या उघड्या ओसरीवर तेवढाच वेळ ठेवलेला. त्यांनी मामींकडचा मोडला, कट्कन आवाज झाला. कूलरसमोरचा मोडायला गेले तर तो नुसता वाकला.

"हे काय करून राहिले?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"मुंग्या येतात का पाहत होतो," बाबा म्हणाले आणि वाकलेला मुरुक्कू तोंडात टाकून चावत बसले. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मग मलाही खरं बोलावं लागलं असतं, आणि खरं बोलले की अकोल्याचं तिकीट. मी आंघोळीला निघून गेले.

त्यांची परतीची गाडी मंगळवारी दुपारची होती. कॉलेजबद्दल त्यांनी आठ दिवसांत चकार शब्द काढला नव्हता. मी ऑफिसातून परस्पर स्टेशनवर गेले, ते रिक्षानं आले. त्यांच्या कापडी पिशवीला हात लावला तर ती शिशासारखी जड.

"काय भरलंय एवढं?"

"आहे काहीबाही." त्यांनी माझ्या हातात डबा दिला. "ब्रेड ताजा आहे. टक्कू वेगळा ठेवलाय, मुरुक्कू वेगळा कागदात बांधलाय, घट्ट. खायच्या वेळी चुरड. आधी नाही."

गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून म्हणाले, "ताक पीत जा." बस, एवढंच.

घरी येऊन कुलूप उघडलं आणि मी दारातच उभी राहिले. खिडकी दिसत होती. ती पूर्ण उघडी होती आणि समुद्राकडचं वारं थेट पलंगापर्यंत येत होतं. कूलर समोरच्या भिंतीला सरकवलेला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या काढून टाकलेल्या, नुसता पंखा उरलेला. आत वाकून पाहिलं तर टाकी फडक्यानं कोरडी पुसलेली आणि पंप नव्हता. तो त्या जड पिशवीतून अकोल्याला चालला होता. वर पत्र्यावर कागद चिकटवलेला, शाळेच्या प्रयोगशाळेत लावायचे तसा, लाल शाईत, बाबांच्या वळणदार अक्षरात: "पाणी घालू नये."

मी पलंगावर बसले, मुरुक्कू चुरडला आणि सँडविच खाल्लं. भरपूर आवाज झाला. मी खाताना रडत होते, त्यामुळे ते जरा खारटही लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला.

"कूलर चालू आहे?"

"चालू आहे."

"गार वाटतं का?"

आठ दिवसांत पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "नाही बाबा. उकडतंय. पण हवा लागते."

पलीकडे घरच्या कूलरचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "पुरे आहे तेवढं. कॉलेजला मी 'नाही' म्हणून कळवून टाकतो."