दोन किलो खारकांची व्युत्पत्ती

खारीक या शब्दाचा उगम सिद्ध करायला मला दोन किलो खारका लागल्या.

आमची लेक रेवा बाळंतपणाला उज्जैनला आली होती. बाराव्या दिवशी बारसं. इंदूरच्या विहीणबाईंनी फोनवर आधीच ऐकवून ठेवलेलं, "तिचं नीट होत नसेल, तर बारशाहूनच आमच्याकडे घेऊन येते हं!" आमच्या सौ. पेटल्या. रेवा सव्वा महिना इथंच राहणार, आणि माझे डिंकाचे लाडू खाऊन विहीणबाईच तसं म्हणणार, असा त्यांनी पण केला. मला फर्मान सुटलं, "टावर चौकातून खारका आणा, फोडा, वाळवा, दळून आणा. डोकं लावू नका."

(शेवटच्या वाक्यानेच माझं डोकं फिरलं.)

दुकानदार म्हणाला, "खारीक क्या होता है साब? छुहारा बोलो ना!"

मी गणिताचा मास्तर, म्हणजे भाषेवर बोलायला मोकळा! भर दुकानात सुनावलं, "क्षार मतलब नमक! पुराने ज़माने में नमक लगाके सुखाते थे, इसलिए खारीक!"

मागच्या बाईंना धने हवे होते. "भैया, पहले इनको निपटाओ," त्या म्हणाल्या.

तणतणत घरी आलो, तर मेहुणा अनंता झोपाळ्यावर. सगळं ऐकून हसला. "जिजाजी, शब्द फारसी आहे. तिकडे खारकच म्हणतात. मिठाचा काय संबंध?"

"तुला कोणी सांगितलं?"

"शब्दकोशाने. तुम्हाला?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं! म्हणून तर जास्त राग आला.

"खारवलेली खारीक किती छान लागते, दाखवतो तुला!"

"दाखवाच! नुसत्या बाता नका मारू."

सौ. आत रेवाला शेक देत होत्या. मी मोठं पातेलं घेऊन गच्चीवर गेलो. चार खारका मिठाच्या पाण्यात टाकायच्या, एवढंच ठरलं होतं. पण खालून अनंताचं हसू ऐकू आलं आणि हात सुटला. अख्खी पिशवी! वर मिठाचा अर्धा पुडा! दिवसभर भिजवल्या, तीन दिवस वाळवल्या, दळून डबा सौ.च्या हातात दिला आणि गप्प बसलो. पहिल्या घासाला सगळे "वा!" म्हणतील, तेव्हा मी क्षार बाहेर काढणार होतो.

सौ. नैवेद्य दाखवल्याशिवाय काही जिभेला लावत नाहीत. त्यांनी शंभर लाडू वळले आणि एकही चाखला नाही!

बारशाला विहीणबाईंनी लाडू फोडला. घास चावला. थांबल्या. पाणी मागितलं. अजून मागितलं.

"सुनंदाताई, लाडवात... मीठ?"

सौ.नी तुकडा तोंडात टाकला आणि हळूच माझ्याकडे वळल्या.

"काय केलंत?"

"अगं, पूर्वी खारवूनच..."

"पूर्वी गेलं खड्ड्यात! घरात ओली बाळंतीण आहे, आणि तुम्ही शब्द खारवत बसलात?"

"मी बोललो होतो, फारसी आहे म्हणून," अनंता पुटपुटला.

"तू गप! तूच चढवलंस यांना!"

"अरे, बाळ उठेल!" रेवा ओरडली. (बाळ उठलं. तेही भडकलेलंच होतं.)

विहीणबाई ताडकन उठल्या आणि रेवाच्या खोलीत गेल्या. संपलं! आता लेकीचं सामान बाहेर येणार. सौ.नी पदर डोळ्यांना लावला.

थोड्या वेळाने विहीणबाई बाहेर आल्या. हात रिकामेच होते.

"सुनंदाताई, पोरीच्या चेहऱ्यावर तेज आलंय. बाळही छान बाळसं धरतंय. रेवा सव्वा महिना इथंच राहू दे." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुम्हाला त्रास कुणाचा आहे, ते कळलं. यांना मी इंदूरला घेऊन जाते."

"अहो, नको नको," असं सौ. म्हणतील म्हणून मी वाट बघत थांबलो. त्या माझी बॅग शोधायला कधीच आत गेल्या होत्या!